खात्रीबाईचा गुडघा

कुणी शिवायला कापड आणलं, की ती आधी त्याच्या कडेचा एक दोरा उपसायची, काडीने जाळायची, राख चिमटीत चुरगळून वास घ्यायची आणि मगच माप घ्यायला उठायची. दुकानदाराने शपथेवर विकलेलं सुती तिच्या ओट्यावर येऊन उघडं पडायचं. गल्लीत तिला सगळे खात्रीबाई म्हणत. नवराही म्हणे, पण हळू आवाजात.

अलीकडे तिचा उजवा गुडघा धरला होता. शिवणयंत्र पायाचं. गुडघा बसला की यंत्र बसलं, आणि यंत्र बसलं की बायका कापडं घेऊन पलीकडच्या शिंप्याकडे जाणार, याची तिला धास्ती होती.

नवऱ्याचेही गुडघे कुरकुरत. नेहमीच्या डॉक्टरांनी दोघांना एका अभ्यासात घेतलं. काहींना औषधाची गोळी, काहींना नुसती तशीच दिसणारी, आणि फरक पडतो का ते बघायचं.

"आम्हाला कुठली?"

"मलाही माहीत नाही, काकू. मुद्दाम सांगत नाहीत. कळलं की मन खेळ करतं."

"देणाऱ्यालाच माहीत नाही!" वाटेत ती नवऱ्याला म्हणाली. "कापड न बघता झबलं तरी शिवेन का मी?"

"मग सही कशाला केलीस?"

"सही केली म्हणजे डोळे मिटले असं नाही."

पुढच्या तपासणीत नवरा म्हणाला, "फार फरक आहे." तिचा गुडघा मात्र होता तसाच. तिच्या लगेच लक्षात आलं: खरी गोळी ह्यांना, खडू मला! घरी तिने दोन्ही डब्यांतल्या गोळ्या चाटल्या, पाण्यात विरघळवल्या, शेवटी काडीही लावली. दोन्ही सारख्याच काळवंडल्या. म्हणजे करणारे भलतेच पक्के. नवरा बाजारात गेल्यावर तिने गोळ्यांची अदलाबदल केली. त्यांना कुठे यंत्र चालवायचंय?

आणि गुडघा मोकळा झाला! तुंबलेले ब्लाउज भराभर हातावेगळे झाले.

"फार फरक आहे," पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना ठणकावून सांगितलं.

"आणि काका?"

"मलाही फारच फरक आहे."

"कसा असेल?" ती उसळली. "तुमच्या गोळ्या आता मी खातेय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, एका घरातल्या दोघांना एकाच प्रकारची गोळी असते. अदलाबदल होते म्हणूनच."

"मग ह्यांना आधीच फरक कसा पडला?"

नवरा ओशाळला. "अगं, डॉक्टर एवढ्या आपुलकीने विचारतात. नाही कसं म्हणायचं? दुखतंय ते दुखतंयच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दोघांचीही उत्तरं आता धरता येणार नव्हती. उरलेल्या गोळ्या परत घेतल्या गेल्या.

घरी येताच ती यंत्रावर बसली. भीत भीत पाय दिला. एक शिवण झाली, दुसरी झाली. गुडघ्यातून हूं नाही की चूं नाही. आता तर तिला जास्तच धसका बसला.

"अहो, इकडे या!"

"काय झालं? दुखतोय?"

"दुखत नाहीये ना! आधी दुखत होता ते खोटं होतं, की आता थांबलाय ते खोटं?"

"चालतोय तोवर चालव की."

तिने चाक हाताने थांबवलं. शपथेवर सुती म्हणून दिलेल्या कापडाकडे बघावं तशी ती गुडघ्याकडे बघत राहिली. पण इथे काडी लावायची सोय नव्हती.