डावीकडचा ब्रेक

जेवण झालं की मुकुंदराव घळसासी पडवीतल्या आरामखुर्चीत टेकतात आणि "झोपत नाहीये, नुसता पडलोय," असं जाहीर करतात. हल्ली घरात ते ऐकायला कोणी नाही, तरी जाहीर करतातच. आज मात्र त्यांना खरोखरच झोपायचं नाहीये. मांडीवर स्टीलचा एक लहानसा डबा आहे, समोर फाटकाच्या आत हेमाची लाल अल्टो उभी आहे, आणि ती न्यायला संध्याकाळी माणूस यायचा आहे.

गाडी इथून, म्हणजे कऱ्हाडहून, मुंबईच्या बंदरावर जाणार आणि तिथून बोटीने ऑकलंडला. दिवाळी झाली की मुकुंदराव लेकीकडे, केतकीकडे, कायमचे राहायला निघालेत आणि गाडी बरोबर न्यायची हा त्यांचा हट्ट आहे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, जडतो जीव एखाद्याचा गाडीवर. पण गंमत अशी की मुकुंदरावांना गाडी चालवताच येत नाही. पाटबंधारे खात्यात उभा जन्म सरकारी जीपच्या डावीकडे बसण्यात गेला, ड्रायव्हर कायम हाताशी, शिकायची वेळ आलीच नाही. गाडी चालवायची ती हेमा. शाळेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून घरी आली; विचारायला नाही, सांगायला. मुकुंदराव डावीकडे बसून जुन्या सवयीने सूचना देत राहिले आणि समोरून ट्रक आला की पायाखालचा, नसलेला ब्रेक दाबत राहिले. इतका दाबला की डावीकडच्या रबरी मॅटला टाचेच्या जागी भोक पडलं.

हेमा गेल्या पौषात गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मुकुंदराव गाडीत जाऊन बसतात, डावीकडेच. थोडा वेळ बसतात आणि उतरून येतात. सगळ्या गल्लीला हे ठाऊक आहे आणि गल्लीतलं कोणी त्यावर अवाक्षर काढत नाही. शेजारची सून रोहिणी तेवढी अधूनमधून येऊन इंजिन चालू करून देते, बॅटरी उतरू नये म्हणून. रोहिणी पाटणच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, एसटीने जाते-येते. हेमाने तिला गाडी शिकवायला घेतली होती आणि ते शिकवणं अर्ध्यावरच राहिलं.

केतकीने फोनवर नाना परींनी सांगून पाहिलं. बाबा, नेण्याच्या खर्चात इथे दुसरी गाडी येईल. बाबा, चालवणार कोण. बाबा, तुम्ही या हो नुसते. मुकुंदराव ऐकून घेत आणि शेवटी एवढंच म्हणत, की आईची गाडी टाकून मी येणार नाही.

असं सगळं ठरलेलं असताना काल वाहतूकवाल्याचा फोन आला. तिकडचं सरकार म्हणे मातीच्या बाबतीत फार कडक. गाडीत मातीचा कण, एखादं बी, वाळकं पान, खाण्याची वस्तू, काही म्हणजे काही चालत नाही. म्हणून इथेच सीट काढून खालचं सगळं खरवडायचं आणि वाफेने आतून-बाहेरून धुवायचं. "अगदी शोरूममधून आल्यासारखी करून देतो, काका," असं तो मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला. खाण्याचं काही असेल ते आधीच काढून ठेवा, असंही म्हणाला. म्हणून आज सकाळी मुकुंदरावांनी समोरच्या कप्प्यातून हा डबा काढून आणला. त्यात आवळासुपारी आहे, हेमाच्या हातची, शेवटची. माहेरी चिपळूणला जायचं म्हणजे कुंभार्ली घाट, आणि घाट म्हणजे मुकुंदरावांना मळमळणार. म्हणून तो डबा गाडीत असायचा. ती गेल्यापासून त्यांनी त्यातला एक तुकडा तोंडात टाकलेला नाही. संपेल म्हणून. शिवाय झाकण इतकं घट्ट की त्यांच्या आखडलेल्या अंगठ्याला ते दादच देत नाही. हेमाच उघडायची.

पडवीतलं ऊन पायरीकडे सरकतंय. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते. थोड्या वेळाने दुसरी होते. तिसरी लांबत लांबत जाते आणि तिचा हॉर्न होतो, दोनदा तोकडा, हेमा वाजवायची तसा.

हेमा गाडीत बसली आहे. उंची पुरावी म्हणून खाली उशी घेतली आहे, अबोली रंगाच्या सुती साडीचा पदर कमरेला खोचला आहे.

"चला, ऊन चढायच्या आत घाट ओलांडू."

मुकुंदराव दार उघडून डावीकडे बसतात. ही आता आपल्यात नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण बसल्या बसल्या तो विषय काढणं बरं दिसणार नाही असं वाटून ते पट्टा लावतात.

गाडी मागे न घेताच फाटकाबाहेर पडते. गल्ली संपते तिथे पाटण लागतं, पाटण संपायच्या आत घाट. पहिलं वळण घेतलं तर पुढे मुकुंदरावांच्या जुन्या ऑफिसचा व्हरांडा आहे. हेमा गियर उतरवून सावकाश त्यातून गाडी काढते. स्टुलावरचा शिपाई उठून तिला नमस्कार करतो, साहेबांकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या वळणावर त्यांची गच्ची येते. धुतलेल्या धोतरावर आवळ्याचे तुकडे वाळत घातले आहेत, मिठाचा आणि आल्याचा वास सुटला आहे.

"बाजूने घे, चाकाखाली येतील," मुकुंदराव म्हणतात.

"दिसतंय मला."

"ट्रक येतोय."

"इतकी वर्षं ट्रकच येतोय," हेमा म्हणते आणि त्यांच्या पायाकडे बघून गालातल्या गालात हसते. मुकुंदरावांची टाच मॅटच्या भोकात गच्च रुतलेली आहे. ते ओशाळतात, पण पाय काही काढत नाहीत. किती दिवसांनी ते असे शेजारी बसून कुणाची तरी काळजी करताहेत, आणि त्यांना फार बरं वाटतंय.

मग ते तिला सगळं सांगतात. केतकीकडे निघालोय. घर भाड्याने देतोय. तुळस रोहिणीच्या सासूबाई नेणार आहेत. ती नुसतं हं, हं करते, वळणावर तर तेही नाही, कारण घाटात तिला बोललेलं चालत नसे. गाडीचं सांगायला त्यांची जीभ रेटत नाही, तरी सांगतात, की गाडी घेऊन चाललोय.

"चालवणार कोण?"

"केतकीने हेच विचारलं."

"लेक कुणाची आहे."

घाट उतरला की चिपळूण यायला हवं. येतो तो समुद्र. मोठं थोरलं बंदर, कुठे चिटपाखरू नाही, आणि गाडी उभी राहते न राहते तोच पांढऱ्या कपड्यातली माणसं नळ्या घेऊन येतात. बोलत नाहीत, आपलं काम करतात. सीट उचलून धक्क्यावर ठेवतात. आरशाला चिकटवलेली हेमाची टिकली नखाने काढतात. खालच्या फटीतून केसांची पिन निघते, एक वाळकं बकुळीचं फूल निघतं, तिच्या माहेरच्या अंगणातली लाल माती निघते. मग पाणी सोडतात. लाल पाणी धक्क्यावरून वाहत समुद्राकडे निघतं, आणि मुकुंदराव दोन्ही तळव्यांनी ते अडवायला जातात, पण ते बोटांतून निसटतं.

ते वळून बघतात तर धक्क्यावरच्या त्या सीटवर हेमा बसलेली, आरामात, पाण्यात पाय सोडून बसावं तशी. वरून पाणी पडतंय. साडीचा अबोली रंग फिका होत चालला आहे.

"हेमा, ऊठ तिथून," ते म्हणतात. "ऊठ. धुवून निघशील. मी नाही म्हणून सांगतो त्यांना, नको गाडी, पण तू ऊठ."

"अहो," ती म्हणते, "गाडीत मी कुठे आहे? मी ती चालवत होते."

"मग मी संध्याकाळचा बसू कुठे?"

एवढं बोलून मुकुंदराव रडायलाच लागतात. सवाष्ण गेली, नशीबवान म्हणायची, असं दारी येणारा जाणारा म्हणून गेला तेव्हाही ते रडले नव्हते. पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. आता त्या परक्या बंदरावर, ओल्या विजारीनिशी, ते लहान पोरासारखे रडतात आणि हेमा त्यांना गप्प करत नाही. रडू देते. नळ्यांचं पाणी केव्हा थांबलं ते कळतही नाही. पांढरी माणसं दिसत नाहीत, समुद्रही जरा मागे सरल्यासारखा वाटतो, आणि दोघं पुन्हा गाडीत बसलेली आहेत, घाटाच्या माथ्यावर, जिथे ती नेहमी त्यांच्यासाठी थांबायची.

ती त्यांच्या मांडीवरचा डबा घेते. अंगठा लावते, झाकण टक्कन निघतं.

"तोंड उघडा."

"नको, संपेल."

"संपायलाच केली होती. तुम्हाला मळमळू नये म्हणून. जपून ठेवायला का हा दागिना आहे?"

"विमानातून नेऊ देत नाहीत, नाहीतर तिथे नेली असती."

"म्हणून तर आत्ता खा."

ते तोंड उघडतात. ती तुकडा जिभेवर ठेवते. आधी खारट, मग तुरट, इतकं तुरट की गालफडं आत ओढली जातात. हेमा खिडकीबाहेर दरीकडे बघत काहीतरी आठवल्यासारखं करते आणि म्हणते, की रोहिणीचा रिव्हर्स राहिलाय. पुढे छान नेते, मागे घ्यायची म्हटलं की तिचे हातपाय गळतात. माझ्याकडून ते अर्धवट राहिलं, त्याची मला फार रुखरुख आहे.

"तेवढं बघा."

"मी? मला कुठे येतं?"

"येत नसताना मला इतकी वर्षं शिकवलंतच की."

ते आवळा चघळत राहतात. ती हात लांब करून त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी करते, लग्नाला निघताना करायची तशी.

"आणि ती मॅट तेवढी घेऊन जा केतकीकडे. स्वच्छ घासून, साबण लावून. तीही जोरातच चालवते. तिच्याही शेजारी ब्रेक लावायला कुणीतरी पाहिजे." मग, आवळा खाल्ल्यावर ती दर वेळी सांगायची तेच सांगते. "आता पाणी प्या."

कुकरची शिट्टी होते.

ऊन पायरीखाली उतरलंय. मुकुंदराव खुर्चीत आहेत, मान अवघडली आहे, कॉलर नेहमीसारखी एका बाजूला मुडपलेली. डबा मांडीवर आहे आणि झाकण घट्ट बसलेलं आहे. ते अंगठा लावून बघतात. उघडत नाही. दुसऱ्या हाताने बघतात, तरी नाही.

"काका, उठलात का? ते गाडीवाले आलेत," रोहिणी फाटकातून आत येत म्हणते. ड्युटीवरून थेट येते आहे, खांद्याला अजून पर्स आहे. तिच्यामागे कालच्या फोनवरचाच मुलगा उभा आहे, हातमोजे घातलेला, गाडीकडे बघून आत्ताच कुठून सुरुवात करायची ते ठरवत असलेला. मुकुंदराव दोघांकडे बघत राहतात. चेहरा पाहून रोहिणी न विचारताच आत जाते आणि माठातलं पाणी पेल्यात घालून आणते.

ते एक घोट घेतात आणि थांबतात.

"काय झालं, काका? पडलंय का काही?"

ते पेला तिच्यापुढे धरतात आणि चव बघायला सांगतात. रोहिणी वरून धार धरून पिते, ओठ पुसते आणि म्हणते, की साधंच तर आहे, रोजचं पाणी. मुकुंदराव पेला परत घेतात. दुसरा घोट घेतात. गोड. आवळा खाल्ल्यावर पाणी लागतं तसं गोड, थेट घशापर्यंत.

मग ते उठतात आणि त्या मुलाची माफी मागतात. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला, चहा घेऊन जा, पण गाडी कुठे जाणार नाही. मुलगा चक्रावतो, काका काल तर एवढं ठरलं होतं म्हणतो, मुंबईला फोन लावायला फाटकाशी जातो. मुकुंदराव खिळ्यावरची चावी काढून रोहिणीच्या हातात देतात.

"गाडी तुझ्याकडे राहील. बस, मागे घेऊन बाहेर काढ."

रोहिणी चावीकडे बघते, त्यांच्याकडे बघते. तिचे डोळे भरून येतात आणि त्या भरातही ती घाबरतेच. "काका, मला रिव्हर्स येत नाही हो. काकूंनी..."

"माहीत आहे मला. मी बसतो ना डावीकडे."

ती उजवीकडे बसते. सीट पुढेमागे करावी लागत नाही, हेमाची उशी तिलाही बरोबर होते. मुकुंदराव पेला सांभाळत शेजारी बसतात, पट्टा लावतात, टाच मॅटच्या भोकावर ठेवतात. इंजिन सुरू होतं. रोहिणी मान मागे वळवते, गाडी गचका खाऊन हातभर मागे सरकते आणि मुकुंदराव जीव खाऊन ब्रेक दाबतात.

"सावकाश," ते म्हणतात, "घाई नाहीये." आणि पेल्यात उरलेला घोट पिऊन टाकतात. तो अजून गोड आहे.