परकारसाहेबांची सही

८ जानेवारी १९६७, रविवार, सकाळचे सव्वासात. दुबईत देरा भागातील मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानाबाहेर, पायरीवर बसून मी नोकरीचा अर्ज तिसऱ्यांदा स्वच्छ लिहून काढत होतो. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन श्री. हसन परकारसाहेब आले. "अरे बाबा, मी एकदाच वाचणार आहे!" ते म्हणाले. ही आमची पहिली भेट. यंदा साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून माझ्यासारख्या सातवी पास कारकुनाने हे लिहिण्याचे धाडस केले आहे.

साहेब मूळचे रत्नागिरीचे. मागे इंजिन असलेल्या, रेडिएटर नसलेल्या छोट्या जर्मन गाडीचे आमच्या दुकानातील सगळे काम ते पाहतात. ही गाडी अमेरिकेत कशी खपली, हे ते फार गोडीने सांगतात. तिथली माणसे होडीएवढ्या लांब गाड्या वापरणारी. त्यांच्यात ही कासवासारखी गाडी घेऊन कंपनी गेली, पण आधी सुटे भाग आणि शिकलेले मिस्त्री, मग विक्री, या शिस्तीने. शिवाय जाहिरातीत स्वतःच्याच गाडीची थट्टा. "आपली खोड आपणच आधी सांगावी, गिऱ्हाईक भांडत नाही," असे साहेब म्हणतात. मला ते चहाच्या वेळचे बोलणे वाटे.

मी कामाला लागलो त्याच वर्षी तेल कंपनीच्या कॅम्पवरील एका अमेरिकन इंजिनिअरने अमेरिकेहून आणलेल्या तीन नव्या गाड्यांसाठी दिवे मागवले. यादी मी केली. त्यात एक अक्षर चुकले नव्हते. पण अमेरिकेसाठीच्या त्या गाड्या बारा व्होल्टच्या, आणि मी सुट्या भागांच्या पुस्तकातील नेहमीच्या पानावरून सहा व्होल्टचे नंबर उतरवले. लढाईमुळे सुएझ कालवा बंद, त्यामुळे जर्मनीहून निघालेली पेटी आफ्रिकेला वळसा घालून आली. इंजिनिअरसमोर पहिला दिवा लावला. तो पांढराफटक पेटला आणि फट्कन गेला. दुसराही गेला.

मालक, म्हणजे आमचे अरबाब, गरजले, "ये लिस्ट किसने बनाया?" माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता आणि गावचे घर माझ्या पगारावर चालत होते. मी गेलेले दोन दिवे पुन्हा पेटीत ठेवू लागलो.

"नीचे साइन मेरा है, अरबाब. मैंने पढ़ा नहीं," साहेब म्हणाले. मग त्यांनी इंजिनिअरला इंग्रजीत आमची चूक जशीच्या तशी सांगितली. तो हसत सुटला. "तुम्ही तर त्या जाहिरातींतलेच निघालात!" म्हणाला आणि थांबायला तयार झाला. बारा व्होल्टचे दिवे मुंबईच्या आगबोटीने नऊ दिवसांत आले. सहाचे इथल्या जुन्या गाड्यांना खपले. अरबाबही "खलास", म्हणजे विषय संपला, म्हणून मोकळे झाले.

"साहेब, चूक माझी होती," मी नंतर म्हणालो.

"तुझीच रे! पण अक्षर इतकं देखणं, मी वाचलंच नाही. उद्यापासून जरा घाण लिही."

त्या दिवशी दुबईत आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. तेव्हापासून प्रत्येक यादी मी मोठ्याने वाचतो आणि साहेब गाडीच्या चॅसी नंबरावर बोट ठेवून ऐकतात.

येत्या मे महिन्यात मी लग्नासाठी गावी जात आहे. परतीचे तिकीट साहेबांनी स्वतः काढून दिले आहे. ते खिशात जपून ठेवून मी एवढेच मागतो, की साहेबांचे गुडघे बरे राहोत, त्यांना शंभरी लाभो, आणि मी परत येईन तेव्हा, इन्शाल्ला, ते त्यांच्या खुर्चीवर बसलेले असोत.