बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला कपॅसिटर

मंडळी, आज औशाला जाऊन आलो. भूकंपानंतर बाबा लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये गणिताची शिकवणी घ्यायचे, तेव्हाचा अ‍ॅम्प्लिफायर घुरघुरत होता. ज्यांनी तो बनवला, त्या रशीदचाचांकडेच नेला.

मी ऐटीत म्हणालो, "चाचा, माईकचा आवाज आत येतो तिथला कपॅसिटर बदला. भारीतला आणलाय."

झाकण उघडून चाचा हसले. "त्याला हात लावू नको, बेटा. घुरघुर लाइट आत येते तिथल्या, सप्लायच्या कपॅसिटरची हाय, तो सुकलाय. माईकच्या जागी आधी सिरॅमिकचा, चकतीसारखा कपॅसिटर होता, आवाज लई फाटायचा. किल्लारीची एक पोरगी मागं बसायची. सर सात म्हणले का साठ, कळायचं न्हाई तिला. शिकवणी सोडून चालली होती. सर सायकलवर माझ्याकडं आले, म्हणले, रशीद, ही पोर जाऊ द्यायची न्हाई. मग मी चकती काढून हा फिल्मचा कपॅसिटर टाकला."

"मग?"

"मग काय! आवाज साफ झाला, पोर टिकली. आता विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. ईदला फोन करते अजून."

बाबांनी हे घरी कधीच सांगितलं नाही. मी आणलेला कपॅसिटर तसाच खिशात ठेवला आणि चाचांना फक्त सप्लायचा बदलायला सांगितला.

तुमच्या वडिलांची अशी एखादी गोष्ट तुम्हालाही दुसऱ्याच कुणाकडून कळलीय का?