साखरपाण्याच्या आधी

नवागामात आमच्या शेजारी राहणारी नर्स चालते घाईत, बोलते मोजून. "मावशी, थांबा," एवढंच तिचं भाषण.

माझी सून सकाळी उपाशीपोटी घामाघूम होऊन बरळायची. तेव्हा मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजायचे. साखरपाणी पाजूनच तिला दवाखान्यात न्यायचे. तिथे शुगर नॉर्मल. तिथले गुजराती डॉक्टर मला म्हणायचे, "नाटक करे छे, बा." सून नाटक करते, म्हणून मीही मान डोलवायचे.

एका सकाळी नर्सने माझा पेला अडवला. "मावशी, थांबा. आधी रक्त." बोट टोचलं, तर शुगर पार खाली गेलेली. मग तिनेच साखरपाणी पाजलं.

पुढे तपासणीत सुनेच्या स्वादुपिंडात गाठ सापडली, जादा इन्सुलिन सोडून शुगर पाडणारी. तेच डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ क्वचितच असते."

"असेल," नर्स म्हणाली. "पण घरून काय पाजून आणलं, हे वर्षभरात एकदा तरी विचारलंत?"

माझा संताप अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्या त्या वेळच्या शहाणपणावर आहे.