लोकरी हातमोजे

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशेजारी एक कोळीण सुकी मासळी विकते. भर वैशाखातही तिच्या हातांत लोकरी हातमोजे असतात. गारवा लागताच तिच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, असा दुर्मिळ विकार तिला आहे. म्हणून बर्फातील ताजी मासळी डॉक्टरांनी तिला सोडावयास लावली. मला ती ‘वकीलसाहेब’ म्हणते. मीही ते खोडून काढीत नाही.

परवा बर्फाची गाडी समोर थांबली. तिने एक मोजा काढला आणि शेकोटीवर धरावा तसा हात बर्फाच्या लादीवर अधांतरी धरला.

“मावशी, हात मागे घ्या!” मी दरडावले.

“शिवत नाय वो, वकीलसाहेब.” मोजा पुन्हा चढवीत ती म्हणाली, “सुकं म्हावरं गुणाचं हाय. पन ताज्यागत हातातून निसटत नाय.”