होडीत कोण होतं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. दारू प्यायल्यावर मी वाटेल ते बडबडतो, पण हे तेव्हाही तोंडून निघालेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाच नीट कळत नाही. सांगून हलकं वाटेल म्हणून? तसं वाटेल असं काही दिसत नाही.

याकूबपासून सुरुवात करतो. माझं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. आठवीपासून मी महाडला खोली घेऊन शिकलो. खोली फक्त नावाला. जेवण, अभ्यास, ताप आला तर पडून राहणं, सगळं वर्गमित्र याकूबच्या घरी. त्याच्या आईने, चाचींनी, मला कधी परकं मानलं नाही. याकूब लहान असताना त्याचे वडील सावित्री नदीत बुडाले. तेव्हा चाचींनी त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती — नदीत पाय टाकायचा नाही. आम्ही पोरं तासन्‌तास डुंबायचो आणि हा काठावर कपडे राखत बसायचा. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. चिडायचा, पण उतरायचा नाही.

आता तो मे महिना. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याच्या नोकरीत माझे साहेब मोठे हौशी. जीप काढून आठवडाभर भटकायचं ठरलं — महाबळेश्वरला गोल्फ, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, माझ्या जुन्या मित्रांच्या भेटी. टपावर साहेबांची पिवळी कयाक बांधलेली. एका माणसापुरती प्लास्टिकची होडी. मला दोन्ही खेळ येतात, अशी थाप मी आधीच मारून ठेवली होती. महाबळेश्वरला चेंडू सोडून चार वेळा नुसतं गवत उडवलं. साहेब हसले, बॅग धरणारा माणूसही हसला. घाट उतरताना डोक्यात एकच — नदीवर दाखवतो यांना. नदी तर माझीच.

हे कारण म्हणून सांगत नाही. उगाच आडवळणं घेतोय, दुसरं काय.

याकूब तेव्हा आखातातून परतून स्वतःचा टेम्पो चालवत होता. चाचींनी आम्हाला पोटभर जेवू घातलं. साहेब जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले — मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, गरम पाण्यात बसायला! ते परत येईपर्यंत सराव करून घ्यावा म्हणून याकूब आणि मी कयाक टेम्पोत टाकून नदीवर गेलो.

आमची जुनी जागा. मांडीभर पाणी, खाली मऊ वाळू. माझ्या पायांना ती पाठ होती. याकूब म्हणाला, "आता तळ तसा नाय राहिला रे. रेती उपसून खड्डे पाडलेत सगळीकडे. ते जाकीट तरी घाल." मी लाइफ जॅकेट टेम्पोतच ठेवलं. उभ्या जन्मात नदीत न उतरलेला माणूस मला नदी शिकवणार?

वळताना कयाक उलटली. पोहता येत असूनही मी आधी पाय खाली सोडले, कारण खाली वाळू असणार हे मला माहीतच होतं. तळ लागलाच नाही. नाकातोंडात पाणी गेलं, मी गडबडलो आणि ओरडलो. काय ओरडलो? त्याचं नाव.

तो आला. चपला काढल्या, कपड्यांनिशी छातीपर्यंत आत शिरला. येताना चक्क हसला आणि म्हणाला, "अम्माला सांगू नको हां." वाहत चाललेलं वल्हं त्याने पुढे केलं. मी ते धरलं, त्याने मला ओढलं आणि उथळ पाण्याकडे ढकललं. ढकलताना स्वतः मागे सरकला. मागे खड्डा होता.

मी काठावर गुडघे टेकून खोकत होतो. त्याचा हात मला दिसला. दोनदा दिसला. मला पोहता येत होतं, त्याला येत नव्हतं. मी दमलो होतो — हो, पण जाता आलं असतं. मी बसून राहिलो.

रेतीच्या होडीवरची माणसं धावत आली. एकाने विचारलं, "होडीत कोण होता?"

मी म्हणालो, "तो."

पुढचं सगळं त्या एका शब्दामागून आलं. मी नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही, उलटल्यावर मी उडी मारली, हाती लागला नाही. माझे कपडे ओलेच होते. संशय कोण घेणार? पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. चाचींनी माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले — त्यांच्या मुलासाठी पाण्यात उडी घेणारे हात. मी ते ओढून घेतले नाहीत.

आणि याकूब? तो मौजेखातर आईची शपथ मोडणारा ठरला. "पोराने माझा शब्द नाय ठेवला," असं चाची येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझ्यादेखत सांगत. मी दर ईदला जायचो, वीर स्टेशनला उतरून रिक्षाने. त्यांच्या हातचा शीरखुर्मा खायचो. घशाखाली कसा उतरायचा? उतरायचा. वाटीभर आणखी घ्यायचो.

शेवटच्या खेपेला त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. त्यांनी विचारलं, "पाण्यात जाताना त्याला माझी याद आली होती काय रे?"

आली होती. त्याचे शब्द माझ्या कानात होते, आजही आहेत. पण हो म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं — मग गेला कशाला?

मी म्हणालो, "नाही, चाची."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आठ दिवसांनी त्या गेल्या — मुलगा आपल्याला विसरला होता, असं समजून.