कुलपातलं कार्ड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. चिखलीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर शनिवारी प्रयोगशाळेतली भिंगं स्वतः मोजतो.

मुलांना न दिसणारा प्रकाश दाखवायचा म्हणून एक छोटा इन्फ्रारेड लेझर मागवला होता. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण सोबतच्या खास कार्डावर पडला की नारिंगी ठिपका उमटतो. आला त्या दिवशी भर दुपारी खिडकीशी पाहिलं, तर ठिपका लख्ख उमटला. मग कार्ड मामांच्या हाती दिलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले परिचर, रोज मेहकरकडून एसटीने येणारे, निवृत्तीला आलेले. "महागाची वस्तू आहे, खाकी कागदात गुंडाळून कुलपात ठेवा," असं मीच बजावलं. आमच्याकडे वस्तू जितकी महाग, तितकी ती कपाटात खोल जाते.

दोन महिन्यांनी पडदे ओढून, कार्ड कागदातून काढून वर्गासमोर लेझर लावला. कार्ड कोरंच! मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र भिंतीवर जांभळट ठिपका दिसत होता, म्हणजे लेझर चालू होता. मग कार्डच बदललेलं असणार, आणि चाव्या तर एकट्या मामांकडे. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

"मामा, खरं कार्ड कुठं गेलं?" भर वर्गात मी विचारलं.

"मले काय करायचं हो त्याचं, सर? त्याच्यावर का भाकर भाजते?" मामांनी कार्ड माझ्या हातून घेतलं. "चाला उजेडात. म्या मागं पेनानं तारीख टाकेल हाये, पाहून घ्या."

व्हरांड्यातल्या उन्हात त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून दाखवलं. अक्षर त्यांचंच होतं. तरी मला वाटलं, तारीख काय, कशावरही टाकता येते. आत आलो आणि त्यांना खोटं पाडायलाच पुन्हा किरण सोडला.

नारिंगी ठिपका उमटला.

त्या कार्डाला आधी उजेड पाजावा लागतो, तरच ते ठिपका दाखवतं. हे सोबतच्या कागदावर छापलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. त्याला अंधारात कोंडायला लावणारा मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांसमोर माफी मागितली. मामा मान डोलावून नुसतं "हाव" म्हणाले.

त्या दिवसापासून घरी जाताना मामा माझ्या टेबलावर पिशवी रिकामी करतात. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर.

"पाहून घ्या, सर."

मी नको नको म्हणतो. ते डब्याचं झाकणही उघडून दाखवतात.